जाळी, दुर्बीण की नुसते टाके?

"जरा उभे राहा. आता खोका. परत खोका."

सर्जनच्या खोलीत जांघेतल्या हर्नियाचं निदान बहुतेक वेळा एवढ्यावरच होतं. रुग्ण उभा, डॉक्टर स्टुलावर, बोटं जांघेवर. खोकला आला की आतून काहीतरी येऊन बोटाला टेकतं आणि माणूस आडवा झाला की गुपचूप परत जातं. दरवेळी सोनोग्राफी लागतेच असं नाही. तपासणी दोन मिनिटांची असते, खरा घोळ त्यानंतर सुरू होतो. एक डॉक्टर सांगतात, साधं ओपन करू, जाळी टाकू. दुसरे म्हणतात, दुर्बिणीतून करून घ्या, तिसऱ्या दिवशी कामावर. तिसऱ्या रुग्णालयाच्या दारावरच रोबोटचं पोस्टर. आणि नात्यात कुणीतरी असतंच, ज्यांच्या ओळखीतल्या माणसाला जाळीचा त्रास झालेला असतो. "जाळी अजिबात घालून घेऊ नका," हा सल्ला बिनपैशाचा मिळतो.

या चौघांपैकी खोटं बोलणारं कुणी नसतं. प्रत्येक जण आपापल्या अनुभवातून बोलतो, एवढंच.

अंतर्गळ हा आपला जुना शब्द. खेड्यात अजूनही "आतडं उतरलं" म्हणतात. सायकलचं टायर एका जागी झिजलं की तिथून ट्यूबचा फुगा डोकावतो, तसाच हा प्रकार. पोटाची भिंत हे टायर, आतडं किंवा आतली चरबी ही ट्यूब. पुरुषांच्या जांघेत ही भिंत जन्मतःच कच्ची असते, कारण वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका तिथूनच बाहेर पडतात. म्हणून हे दुखणं पुरुषांत फार. जांघेच्या हर्नियाची आयुष्यभरातली शक्यता पुरुषांत साधारण २७ टक्के आणि बायकांत ३ टक्के मानली जाते. जगभरात दर वर्षी २ कोटींहून अधिक लोकांच्या जांघेचा हर्निया शिवला जातो. एवढं सरसकट होणारं ऑपरेशन असूनही त्याची एकच सर्वमान्य पद्धत नाही, यावरूनच लक्षात यावं की हा प्रश्न "सर्वात आधुनिक काय" या एका वाक्यात सुटणारा नाही.

पहिला निर्णय ऑपरेशनच्या पद्धतीचा नसतोच. ऑपरेशन आत्ता करायचं का, हा असतो. गोळ्या-औषधांनी किंवा व्यायामानं भोक बुजत नाही, हे खरं. पण प्रत्येक गाठ पुढच्या आठवड्यात कापावी लागते, हे खरं नाही. उत्तर अमेरिकेत ७२० पुरुषांवर एक अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना हर्निया आहे पण फारसा त्रास नाही अशांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन केलं आणि बाकीच्यांना नुसतं नजरेखाली ठेवलं. थांबलेल्यांत आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण हजार माणसांमागे वर्षाला दोनापेक्षा कमी निघालं. म्हणजे गाठ दुखत नसेल, आडवं झाल्यावर आत जात असेल, तर मुलीचं लग्न किंवा द्राक्षांची काढणी उरकून मग तारीख घ्यायला हरकत नाही. फक्त "थांबू" म्हणजे "टळलं" असं समजू नये. त्याच लोकांचा पुढे पाठपुरावा केला, तेव्हा दहा वर्षांत थांबलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्के लोक शेवटी ऑपरेशन टेबलावर आलेच, बहुतेक जण दुखू लागलं म्हणून.

ही थांबण्याची सवलत बायकांना मात्र नाही. त्यांच्यात मांडीच्या मुळाशी, जांघेच्या घडीखाली होणारा हर्निया जास्त आढळतो. त्याचं तोंड अरुंद असतं आणि तो अडकण्याची भीती खूपच मोठी. लाजेपोटी वर्षानुवर्षं ही गाठ न दाखवणाऱ्या बायका थेट मध्यरात्री तातडीच्या विभागात येतात, तेव्हा कधीकधी आतड्याचा तुकडा कापावा लागतो. जांघेत गाठ असलेल्या बाईनं महिला सर्जन शोधावी हवं तर, पण दाखवणं लांबवू नये.

तातडीची खूण सगळ्यांना सारखीच. रोज आत जाणारी गाठ जाईनाशी झाली, कडक झाली, दुखू लागली, वरची कातडी लाल-काळपट दिसली, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, की घड्याळ सुरू झालं असं समजावं. अशा वेळी कुणाकडून दाबून, चोळून गाठ आत ढकलायला लावू नये आणि काही खाऊ-पिऊही नये. जवळचं सर्जन असलेलं रुग्णालय गाठावं. मेडिकलच्या दुकानात मिळणारा हर्नियाचा पट्टा तेव्हा कामाचा नाही. एरवीही तो फुगवटा धरून ठेवतो, भोक शिवत नाही.

आता पद्धती. थोडा इतिहास सांगितल्याशिवाय त्या कळायच्या नाहीत.

इटलीतल्या पादुआचे एदोआर्दो बासिनी यांनी १८८० च्या दशकात जांघेची भिंत नीट थरांनी शिवायला सुरुवात केली, तिथून आजची हर्निया-शस्त्रक्रिया सुरू होते. पण त्यांच्या टाक्यांना एक दोष होता: दूरदूरचे स्नायू ओढून एकत्र शिवले जात. घट्ट ब्लाऊजच्या शिवणीसारखा ताण यायचा, आणि ताण आलेली शिवण केव्हा ना केव्हा उसवतेच. कॅनडात टोरंटोचे एडवर्ड अर्ल शोल्डिस यांनी यावर चार थरांच्या शिवणीचा उपाय काढला. दुसऱ्या महायुद्धात हर्नियामुळे सैन्यभरतीत बाद झालेल्या तरुणांवर त्यांनी ऑपरेशनं केली आणि १९४५ मध्ये फक्त हर्नियासाठीचं रुग्णालय काढलं. ते आजही चालू आहे. तिथे फक्त तेवढी जागा बधिर करणारी, जागेवरची भूल देतात आणि ऑपरेशन संपलं की रुग्ण टेबलावरून उतरून आधारानं चालत जातो. जाडजूड माणसाला आधी वजन उतरवून यायला सांगतात. जाळीशिवाय पुन्हा हर्निया होण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास ठेवणारी ही संस्था आहे. पण तिथले सर्जन दिवसभर हेच एक ऑपरेशन करतात, हे विसरून "बिनजाळीचंही चालतं की" असं म्हणता येत नाही. तीच शिवण वर्षातून चारदा घालणाऱ्या हातानं तोच निकाल मिळत नाही.

जाळीनं हे कौशल्याचं ओझं हलकं केलं. लॉस एंजेलिसचे आयर्विंग लिक्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात स्नायू ओढणं सोडून दिलं आणि भोकावर पॉलिप्रॉपिलिनची जाळी सैलसर बसवली. काही आठवड्यांत शरीराचं तंतुमय मांस तिच्या भोकांतून वाढतं आणि जाळी भिंतीचाच भाग होते. १९८९ मध्ये त्यांनी हजार रुग्णांचा अनुभव छापला, तेव्हापासून जगभर ही "ओपन जाळी" पद्धत रुळली. जांघेवर बोटभर लांबीचा छेद, पाऊण-एक तासाचं काम, कमरेत इंजेक्शन देऊन किंवा जागेवरची भूल देऊन. तालुक्याच्या गावातला सर्जनही ती नीट शिकू शकतो, हेच तिचं खरं बळ.

जाळीला लोक घाबरतात ते दोन कारणांनी. "परकी वस्तू शरीर फेकून देईल" हे पहिलं. पॉलिप्रॉपिलिन हे आपल्या डब्यांचं नि खुर्च्यांचं प्लास्टिक. शुद्ध स्वरूपात त्याचेच टाके शस्त्रक्रियेत दशकानुदशकं वापरले जाताहेत. जंतुसंसर्ग होऊन जाळी काढावी लागते, पण क्वचित. दुसरं कारण जास्त खरं आहे, ते म्हणजे दुखणं. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनीही जांघेत काही ना काही दुखणं राहणाऱ्यांचं प्रमाण दहातल्या एकाच्या आसपास सांगितलं जातं. रोजच्या कामाच्या आड येईल असं दुखणं त्याहून बरंच कमी. जांघेतून तीन बारीक नसा जातात, त्या टाक्यात किंवा जाळीत अडकल्या तर हे होतं. मात्र असं दुखणं बिनजाळीच्या ऑपरेशननंतरही होतं, हे जाळीविरोधी व्हिडिओ सांगत नाहीत. आणि एक गोष्ट डॉक्टरांनीही जास्त मोकळेपणानं सांगायला हवी: गाठ इवलीशी, दुखणं मात्र प्रचंड, अशा तरुण माणसाचं दुखणं हर्नियाचंच आहे का, याची आधी खात्री करावी. कंबर, खुबा, ओढलेला स्नायू यांपैकी काही असेल तर जाळीनं ते जाणार नाही, उलट वाढेल.

या वादात महाराष्ट्राचे दोन धागे आहेत, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेचे.

पुण्याचे सर्जन डॉ. मोहन देसर्डा यांनी जाळीऐवजी रुग्णाच्याच पोटाच्या बाह्य स्नायूच्या पांढऱ्या पडद्यातली एक पट्टी वापरायची पद्धत काढली आणि २००१ मध्ये ती मांडली. पट्टीची दोन्ही टोकं शरीराला जोडलेलीच राहतात. ती फक्त सरकवून कच्च्या भिंतीवर शिवायची. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर तिची जाळीशी तुलना झाली. तीन वर्षांनी दोन्हीकडे हर्निया परत येण्याचं प्रमाण सारखंच निघालं. त्यामुळे जाळी नकोच असं ठाम मत असलेल्या, स्नायूपडदा मजबूत असलेल्या रुग्णाला हा पर्याय विचारायला हरकत नाही. फक्त २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी बिनजाळीत पहिला मान अजून शोल्डिसलाच दिला आहे, कारण देसर्डा पद्धतीचे दीर्घकाळचे आकडे तुलनेनं थोडे आहेत.

दुसरा धागा धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचा. तिथले डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी पाहिलं की कंपनीची जाळी गरीब रुग्णाला परवडत नाही, म्हणून त्याला जुनीच शिवण मिळते. त्यांनी मच्छरदाणीचं कापड तपासलं, निर्जंतुक केलं आणि वापरलं. ३५९ हर्नियांचा हा अनुभव २००३ मध्ये छापला गेला तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली असतील. पण २०१६ मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवरची तशाच स्वस्त जाळीची चाचणी जगातल्या आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकात आली. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परत आला होता, महागड्या जाळीच्या गटात कुणाचाच नाही. फरक म्हणावा असा नव्हता. (याचा अर्थ घरची मच्छरदाणी पिशवीत घालून दवाखान्यात न्यावी असा नाही. कापड कोणत्या प्लास्टिकचं, किती तापमानाला निर्जंतुक केलं, यावर सगळं अवलंबून.) रुग्णानं यातून उचलायचं ते वेगळंच आहे. अंदाजपत्रकात "इम्पोर्टेड थ्रीडी मेश" अशी ओळ दिसली तर तिच्यामुळे नेमका काय फायदा, हे विचारायला संकोच करू नये. साध्या सपाट जाळीनं काम भागतं, असं बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळेल.

आता दुर्बीण. सायकलवाला झिजलेल्या टायरला आतून गेटर टाकतो. हवा भरली की तोच दाब गेटरला जागेवर चेपून धरतो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया हीच. बेंबीजवळ एक आणि खाली दोन अशी तीन छोटी भोकं, त्यातून साधारण १० गुणिले १५ सेंटिमीटरची, म्हणजे पोस्टकार्डाहून किंचित मोठी जाळी भिंतीच्या आतल्या बाजूला पसरतात. पोटात शिरून केलं तर टॅप, पोटात न शिरता स्नायूंच्या थरामागून केलं तर टेप. रुग्णाच्या दृष्टीनं दोन्हींत डावं-उजवं नाही, सर्जनचा हात जिथे बसलाय ते बरं. फायदे खरे आहेत: सुरुवातीचं दुखणं कमी, कामावर लवकर, मागे राहणारं दुखणं आणि बधिरपणाही कमी. दोन्ही बाजूंचा हर्निया असेल तर त्याच तीन भोकांतून दोन्ही उरकतात. किंमतही आहे: बहुधा पूर्ण भूल लागते, खर्च जास्त, आणि आत मोठ्या रक्तवाहिन्या, मूत्राशय, आतडी हाताशी असतात. चूक क्वचित होते, पण झाली तर मोठी असते.

आणि ही पद्धत शिकायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या १४ रुग्णालयांत झालेली चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दुर्बीणवाल्यांना धक्का बसला: दोन वर्षांत दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के हर्निया परत आले, ओपन गटात ४.९ टक्के. आकडे उलगडले तेव्हा खरी गोष्ट कळली. ज्या सर्जननी अशी २५० हून अधिक ऑपरेशनं केलेली होती त्यांच्याकडे हर्निया परत येण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या निम्म्यावर, म्हणजे ओपनच्या बरोबरीत होतं. दुर्बिणीवर हात बसायला ५० ते १०० ऑपरेशनं लागतात, असं आता मानलं जातं. म्हणून सल्ला घेताना "कोणती पद्धत चांगली?" या प्रश्नाऐवजी "डॉक्टर, तुम्ही महिन्याला यातली कोणती, साधारण किती करता?" हे विचारावं. चांगला सर्जन रागावत नाही. जो रागावतो, त्यानंही उत्तर दिलेलंच असतं.

रोबोटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. साध्या, पहिल्यांदा झालेल्या जांघेच्या हर्नियासाठी दुर्बीण आणि रोबोट यांची थेट तुलना करणारी १०२ रुग्णांची चाचणी अमेरिकेत २०२० मध्ये आली. रुग्णाला जास्तीचा फायदा दिसला नाही. वेळ आणि खर्च मात्र दुपटीच्या जवळपास किंवा वर गेला. पोटाच्या मोठ्या, गुंतागुंतीच्या हर्नियात त्याचं स्थान असू शकतं.

मग कुणी काय निवडावं? एका बाजूचा, पहिलाच हर्निया असलेल्या पुरुषाला ओपन जाळी किंवा दुर्बीण, दोन्ही योग्य. गावात ज्याचा हात चांगला तो. दोन्ही बाजूंचा असेल तर दुर्बीण. बायकांना दुर्बीणच जास्त बरी, कारण मांडीच्या मुळाशी लपलेला दुसरा हर्निया आतून दिसतो. आधी ओपन केलेला परत आला असेल तर दुर्बीण आणि दुर्बिणीचा परत आला असेल तर ओपन: एकदा चिकटलेल्या थरात पुन्हा शिरायचं नाही, एवढंच त्यामागचं तर्कशास्त्र. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ग्रंथी काढलेली असेल, तर आतला मार्ग आधीच चिकटलेला असतो, तिथे ओपन. हृदय कमजोर किंवा दमा जुना असेल, तर जागेवरची भूल देऊन ओपन करणारा सर्जन शोधावा. अशा भुलीत ऑपरेशन करणारे सगळीकडे नसतात, पण ऐंशीच्या घरातल्या आजोबांसाठी थोडी शोधाशोध करणं परवडतं.

लहान मुलांत जाळीचा प्रश्नच येत नाही. त्यांच्यात जन्माआधीची पिशवी उघडी राहिलेली असते, ती बांधून टाकली की काम झालं. मात्र तान्ह्या बाळाच्या जांघेतली गाठ वाट पाहण्याची नाही. बेंबीचं नेमकं उलट. बाळाची फुगलेली बेंबी बहुतेक वेळा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बसते. तिच्यावर रुपयाचं नाणं ठेवून पट्टा आवळायची जी पद्धत घराघरांत आहे, तिनं भोक मिटत नाही, कातडी तेवढी सोलवटते. मोठ्यांच्या बेंबीत भोक एक सेंटिमीटरहून मोठं असेल तर जाळी घालणं बरं. सिझेरियन किंवा गर्भाशय काढल्याच्या जुन्या छेदातून आलेला हर्निया हे वेगळंच, जास्त अवघड प्रकरण आहे. तिथे वजन आणि साखर आटोक्यात आणण्यात दोन-तीन महिने गेले तरी ते वाया जात नाहीत.

तयारीच्या बाबतीत हेच जांघेलाही थोडंफार लागू. सिगारेट-बिडी निदान चार आठवडे आधी सुटायला हवी. जुना खोकला, बद्धकोष्ठता, लघवीला जोर करावा लागणं, यांवर आधी उपचार करून घ्यावेत. नाहीतर नव्या शिवणीला रोज झटके बसतात. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला कमरेतल्या भुलीनंतर लघवी अडून नळी घालावी लागू शकते, ते आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावं.

पैशांचं गणित तारीख ठरवण्याआधी करावं. बऱ्याच आरोग्यविम्यांत हर्निया हा पहिली दोन वर्षं खर्च न मिळणाऱ्या आजारांच्या यादीत असतो. "आरोग्य संजीवनी" या ठरावीक साच्याच्या पॉलिसीतही हा २४ महिन्यांचा नियम आहे, आणि रोबोटिक शस्त्रक्रियेला विमा रकमेच्या ५० टक्क्यांची मर्यादा. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात हे नियम अनेकदा सैल असतात. शासकीय योजनेतून करायचं असेल तर योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी गाठून नेमका कोणता प्रकार बसतो, ते विचारावं.

ऑपरेशननंतरच्या सांगोवांगीबद्दलही दोन शब्द. "सहा महिने बादली उचलायची नाही" हे ताणाच्या शिवणीच्या काळातलं. जांघेला जाळी बसवली असेल तर तीन ते पाच दिवसांत, सोसेल तसं, रोजचं काम सुरू करावं असंच आता सांगतात. जिने चढावेत, फिरावं. स्कूटर तेव्हाच, जेव्हा अचानक ब्रेक दाबताना कळ येणार नाही. हमालीसारखं कष्टाचं काम असेल तर किती आठवडे थांबायचं, हे आपल्याच सर्जनला विचारावं, शेजाऱ्याला नाही. वृषणाच्या पिशवीवर निळसर डाग, थोडी सूज, जखमेखाली पाण्याची मऊ गाठ हे सुरुवातीला दिसतं आणि हळूहळू ओसरतं. ताप, पू, वाढत जाणारी सूज किंवा लघवी न होणं यासाठी मात्र लगेच फोन.

ऑपरेशनच्या दिवशी भूल देण्याआधी सर्जनच्या हातून, आपण जागे असताना, पेननं बाजूवर खूण करून घ्यावी: डावी की उजवी. आणि घरी निघताना डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोट्सची प्रत मागावी. जाळीच्या पाकिटावर एक छोटं स्टिकर असतं, त्यावर जाळीचा प्रकार, आकार आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. ते फाइलला चिकटवलंय का, बघावं. पुढे कधी दुसऱ्या बाजूला गाठ आली किंवा त्याच जागी दुखलं, तर नवा डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारेल: आत कुठली जाळी आहे, आणि ती पुढून घातली की मागून?